भंगारवाला जे घेत नाही

वसुबारसेच्या आधीच दाराच्या कडीला उटण्याची पाकिटे अडकू लागतात. एकावर माजी नगरसेवक हात जोडून उभे, दुसऱ्यावर भावी. एखादे सहकारी बँकेचे, एखादे सराफाचे, एखादे कोपऱ्यावरच्या क्लासवाल्यांचे. आत जेमतेम दोन चमचे उटणे: नागरमोथा, कचोरा, आंबेहळद, वाळा, संत्र्याची साल, थोडी मुलतानी माती. सगळे मातीतून आलेले आणि नरक चतुर्दशीच्या पहाटे मोरीतून पुन्हा मातीकडे निघालेले. पाकीट मात्र मागे राहते. भावी नगरसेवकांचे भवितव्य एकदाचे ठरून गेले, तरी पुढची कित्येक वर्षे ते कचरा डेपोच्या ढिगात असेच हात जोडून असतील.

स्वयंपाकघरातल्या कचऱ्याबद्दल शहरी मराठी घर बरेच काही शिकले आहे. भाजीची देठे कंपोस्टच्या डब्यात जातात, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळतात, रद्दीचा भाव तोंडपाठ असतो. न्हाणीघराकडे मात्र त्या नजरेने कोणी पाहत नाही. तिथे बहुधा कचऱ्याचा डबाच नसतो. संपलेल्या बाटल्या खिडकीच्या कट्ट्यावर रांगेने उभ्या, पुड्या जाळीपाशी चिकटलेल्या आणि उरलेले वर्तमानपत्रात गुंडाळून गुपचूप बाहेर. पाण्याने सगळे वाहून जाते, ही या खोलीबद्दलची आपली श्रद्धा आहे.

अलीकडे या खोलीसाठी 'इको-फ्रेंडली' वस्तूंचा मोठा बाजार उभा राहिला आहे. बांबूचे ब्रश, शाम्पूच्या वड्या, तांब्याची जिभली, काचेच्या बरणीतले दंतमंजन. यातले काय खरे उपयोगाचे आणि काय नुसते देखणे, हे दुकानात उभे राहून कळत नाही. ते कळते वस्तूच्या दुसऱ्या टोकाला, जिथे तिचा भाव ठरतो तिथे.

दुसऱ्या टोकाचा हिशेब

पुण्यात हे दुसरे टोक पाहणे तुलनेने सोपे आहे. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने इथले कचरावेचक 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' या संघटनेत एकत्र आले. त्यातूनच २००८ साली 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करू लागली. दारात येणाऱ्या ताईला घरटी शुल्क मिळते आणि सुक्या कचऱ्यातले विकण्याजोगे विकून जोडीला थोडी कमाई होते. म्हणजे तिच्या बकेटमध्ये आपण काय टाकतो, यावर तिचा दिवस अवलंबून असतो.

भंगाराचा नियम साधा आहे. माल एकाच जातीचा, वजनदार आणि स्वच्छ असेल तर भाव. चार जातींचा एकात एक चिकटलेला, हलका आणि लडबडलेला असेल तर फुकटही नको. या नियमाने न्हाणीघराची झडती घेतली, तर चित्र पटकन स्पष्ट होते. फुटकी बादली, मग, शाम्पूची जाड बाटली, फिनेलचा कॅन: घेतला जातो. माउथवॉशची पारदर्शक बाटली पेट प्लास्टिकची असते, तीही जाते. साबणाचे खोके रद्दीत, पितळी नळ तर हसत हसत. उरतात त्या पुड्या, ट्यूब, टूथब्रश, वापरून फेकायचे रेझर, बाटलीवरचे पंप (आत लोखंडी स्प्रिंग असते म्हणून), ओले वाइप्स, डायपर आणि सॅनिटरी पॅड.

या यादीतल्या वस्तूंना घरात यायला वाट आहे, बाहेर जायला नाही. न्हाणीघर बदलायचे असेल तर काम इथपासून सुरू होते. आणि या यादीतली प्रत्येक वस्तू कुणाची तरी खरी अडचण सोडवायला जन्माला आली होती, हेही विसरून चालत नाही.

पुडीचे अर्थशास्त्र

शाम्पूची पुडी ही तामिळनाडूतल्या कडलूरची देणगी. तिथले चिन्नी कृष्णन यांचे म्हणणे असे की, श्रीमंताला जे परवडते ते हमालाला आणि रिक्षावाल्यालाही परवडायला हवे. त्यांनी वस्तू छोट्या पुड्यांत भरून विकायला सुरुवात केली. पुढे १९८३ साली त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी पंधरा हजार रुपयांच्या भांडवलावर 'चिक' शाम्पू काढला आणि पुडी खेडोपाडी पोचवली. रोजच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या बाईला पूर्ण बाटलीचे पैसे एकरकमी देणे शक्य नव्हते. आठवड्याच्या बाजारी एक पुडी घेणे शक्य होते.

या कथेतला एक तपशील आज फार बोलका वाटतो. 'चिक'च्या सुरुवातीच्या दिवसांत एक योजना होती: कुठल्याही पाच रिकाम्या पुड्या आणून द्या आणि एक भरलेली पुडी मोफत घेऊन जा. पुढे ती फक्त 'चिक'च्याच पुड्यांपुरती ठेवली गेली. योजना अर्थातच विक्री वाढवण्यासाठी होती. पण तेवढ्या काळापुरता रिकाम्या पुडीला भाव होता, आणि म्हणून दुकानात परत येण्याची वाटही होती.

आज ती नाही. पुडी दिसते एक, असते तीन-चार थरांची: छपाईसाठी एक प्लास्टिक, वास आणि ओलावा अडवायला अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा, सांधा बसवायला दुसरे प्लास्टिक. हे थर सुटे करणे परवडत नाही. त्यात रिकाम्या पुडीचे वजन ग्रॅमभराच्या आसपास. किलोभर भरायला हजारेक पुड्या वाकून वेचायच्या, आणि त्या विकत घेणारा कोणी नाही. त्यामुळे त्या रस्त्यावर, नाल्यात आणि डेपोत राहतात. फार तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जळतात.

महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी केली. केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या काही वस्तूंवर बंदी आणली, आणि प्लास्टिकच्या काडीचे इअरबड त्या यादीत गेले. शाम्पूची पुडी मात्र दोन्हींतून सुटली. २०२२ च्या नियमांनी बहुस्तरीय वेष्टनांचा वेगळा वर्ग करून ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. कागदावर ही जबाबदारी चांगलीच आहे, पण गावच्या आठवडी बाजारात पुडी परत घेणारे टेबल अजून लागलेले दिसत नाही.

पुडी वापरणाऱ्या मजूर बाईला उपदेश करण्यात म्हणून अर्थ नाही. प्रश्न आहे तो बाटली परवडत असूनही प्रवासासाठी, पाहुण्यांसाठी, 'हाताशी असावी' म्हणून पुड्यांची माळ टांगणाऱ्या घरांचा. त्याच घरांचा रिफिल पाउचवरही विश्वास असतो. रिफिल पाउचमध्ये बाटलीपेक्षा प्लास्टिक कमी लागते, हे खरे. पण जाड बाटली भंगारवाला घेतो आणि बहुतेक पाउच घेत नाही. पाउचवरचे हिरवे पान पाहून आपण विकली जाणारी वस्तू सोडून न विकली जाणारी वस्तू घरात आणतो. त्यापेक्षा पाच लिटरचा कॅन आणून जुनीच बाटली भरत राहणे हा साधा आणि स्वस्त मार्ग आहे.

दात, दंतमंजन आणि जुने सगळे सोने नसते

टूथपेस्टची ट्यूब एके काळी अ‍ॅल्युमिनियमची होती. ती चिरायची, बोटाला लागायची, पण लाटून लाटून शेवटच्या थेंबापर्यंत पेस्ट निघायची आणि रिकामी ट्यूब धातू म्हणून खपायची. १९८० च्या दशकात एस्सेल पॅकेजिंगने भारतात लॅमिनेटेड ट्यूब आणली. मधे अ‍ॅल्युमिनियम, दोन्हीकडे प्लास्टिक. ती चिरत नाही, छान छापली जाते आणि भंगारात कोणी घेत नाही. आता काही कंपन्या संपूर्ण ट्यूब एकाच जातीच्या प्लास्टिकची, म्हणजे एचडीपीईची, बनवू लागल्या आहेत. ती शाम्पूच्या बाटलीबरोबर वितळू शकते. पण दिसायला दोन्ही ट्यूब सारख्याच, त्यामुळे वेचणारी ताई दोन्हींकडे सारखीच पाठ फिरवते. सगळ्याच ट्यूब एका जातीच्या झाल्या तर हा गुंता सुटेल. तो निर्णय कारखान्यात व्हायचा आहे, आपल्या बेसिनपाशी नाही.

मग दंतमंजनाकडे परत जावे का? महाराष्ट्राला त्याची परंपरा आहे. नाशिकचे बिटकोचे काळे दंतमंजन, माकडछाप काळी पावडर, १९५२ साली केशव पेंढरकरांनी परळमध्ये सुरू केलेल्या विकोची वज्रदंती. पत्र्याचा किंवा जाड प्लास्टिकचा डबा, एकाच जातीचा माल. वेष्टनाच्या परीक्षेत दंतमंजन पहिल्या वर्गात पास होते.

दाताच्या परीक्षेत तसे सरसकट म्हणता येत नाही. भरड मंजनाने एनॅमल झिजते. साध्या मंजनात बहुधा फ्लोराइड नसते, आणि कीड रोखण्यात फ्लोराइडचा उपयोग पक्का सिद्ध झालेला आहे. शिवाय याच परंपरेत मशेरीही बसते. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ही पूड दातांना लावता लावता महाराष्ट्रातल्या कितीतरी बायकांना तिचे व्यसन जडले आणि तोंडाचा कॅन्सरही पदरात पडला. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर देशात १९९२ मध्ये बंदी आली, मशेरीचा तवा मात्र घरोघरी चालू राहिला. तेव्हा आजीच्या काळातले म्हणून शरीराला चांगले आणि झाडापासूनचे म्हणून निर्धोक, हा हिशेब सोडलेला बरा. दातांच्या डॉक्टरांनी फ्लोराइडची पेस्ट सांगितली असेल तर ट्यूबचा अपराध पोटात घालावा आणि कचरा दुसरीकडे कमी करावा.

ब्रशचे गणित सोपे आहे. दर तीन महिन्यांनी बदलायचा म्हटले तर चौघांच्या घरात वर्षाला सोळा. १९३८ मध्ये नायलॉनच्या केसांचा पहिला ब्रश अमेरिकेत विकायला आला, त्याआधी डुकराचे राठ केस वापरत. बांबूच्या ब्रशलाही केस बहुधा नायलॉनचेच असतात. दांडी कुजते, केस कुजत नाहीत, म्हणून टाकण्याआधी ते पकडीने उपटावे लागतात. एवढे करणार असाल तर बांबूचा ब्रश घ्यावा. नसाल तर मराठी घराची जुनी रीत वाईट नाही: ब्रश आधी दातांचा, मग कंगव्याचा, मग देवाच्या चांदीच्या भांड्यांचा आणि अखेरीस दांडीच्या भोकात अडकवून परकराची नाडी ओवायचा.

रेझरच्या बाबतीत तर जुनीच वस्तू सरस आहे. फेकायच्या रेझरमध्ये पोलाद, प्लास्टिक आणि रबर एकमेकांत जिरलेले असतात. धातूचा रेझर आयुष्यभर टिकतो आणि पाते निव्वळ पोलादाचे असते. फक्त ते सुटे टाकू नये. झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात जुनी पाती साठवावी आणि डबा भरला की तसाच भंगारात द्यावा. उघड्या पात्याने बोट कापते ते कचरा हातांनी निवडणाऱ्या ताईचे.

वडी, बाटली आणि बोअरचे पाणी

अंगाला लावायचे द्रव साबण म्हणजे बहुतांश पाणी, तेही बाटलीत भरून ट्रकने शेकडो किलोमीटर आणलेले. वडीला वेष्टन म्हणून पुठ्ठा पुरतो. वडी घेताना वेष्टनावर 'टीएफएम', म्हणजे एकूण स्निग्धाम्लांचे प्रमाण, पाहावे. भारतीय मानकानुसार पहिल्या दर्जाच्या 'टॉयलेट सोप'मध्ये ते किमान ७६ टक्के लागते, आणि 'बेदिंग बार' म्हणून विकल्या जाणाऱ्या वडीला ४० टक्केही चालते. टीएफएम जास्त असलेली वडी सहसा पाण्यात लवकर फुगून विरघळत नाही. जाळीच्या साबणदाणीत कोरडी राहिली तर आणखी टिकते. जाळीदार नायलॉनच्या गुंडाळ्याऐवजी वाळलेल्या घोसाळ्याची जाळी पुरते. ती झिजली की थेट कुंडीत.

केसांचे प्रकरण एवढे सोपे नाही. शिकेकाई आणि रिठ्यात सॅपोनिन असते, ते फेस काढते आणि तेलही. ही झाडे आपल्याच सह्याद्रीतली आणि कोकणातली. पण शिकेकाई वाळवणे, कुटणे, चाळणे, उकळणे आणि पोरींच्या डोळ्यांत जाऊ न देता लांब केस धुणे हे रविवारच्या अर्ध्या दिवसाचे काम होते, आणि ते बाईनेच करायचे. पुडीने तो अर्धा दिवस तिला परत दिला. दळून आणलेली शिकेकाई आज मिळते, हौस आणि वेळ असेल त्यांनी जरूर वापरावी. कोणाच्या तरी कष्टांवर उभे राहिलेले शून्य-कचरा घर मात्र मिरवण्याजोगे नसते.

शाम्पूच्या वडीबद्दल निराशेचे सूर वारंवार ऐकू येतात: केस चिकट झाले, कंगवा फिरेना. दोष बऱ्याचदा पाण्याचा असतो. दख्खनच्या बेसॉल्टमधून येणारे बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबण संयोग पावतो आणि न विरघळणारा साका केसांवर बसतो. बादलीच्या कडेला साचतो तोच हा थर. 'हातबनावटीची' म्हणून मिळणारी वडी मुळात साबणच असेल, तर बोअरच्या पाण्यात ती फसणारच. साबणाऐवजी सौम्य डिटर्जंटपासून घडवलेल्या वड्याही मिळतात, त्या जड पाण्यात चालतात. टँकरवर जगणाऱ्या सोसायटीने वडी घेण्याआधी पाणी तपासावे.

लाल ठिपका

न विकल्या जाणाऱ्या वस्तूंत सर्वांत अवघड वस्तू कागदात गुंडाळून बाहेर जाते. बाजारातल्या सॅनिटरी पॅडचा वरचा थर पॉलिप्रॉपिलिनचा, खालचा पॉलिइथिलीनचा, मधे लाकडाचा लगदा आणि पाणी धरून ठेवणारे जेल. एका पाळीला दहा पॅड धरले तर वर्षाला १२० आणि पस्तीस वर्षांत ४,२००. हे झाले एका स्त्रीचे.

हे पुडके उघडून कोणी पाहत असेल, ही कल्पना आपल्याला नकोशी वाटते. पण सुक्या कचऱ्याच्या ढिगात हात घालणाऱ्या ताईला त्यात काय आहे, हे उघडल्याशिवाय कळत नाही. २०१३ च्या महिला दिनी पुण्यातल्या कचरावेचकांनी वापरलेल्या पॅडची पोती थेट उत्पादक कंपन्यांच्या कार्यालयांत पाठवली. तुमचा माल आहे, विल्हेवाटही तुम्हीच सांगा, असा त्याचा अर्थ. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पॅड आणि डायपरच्या उत्पादकांना प्रत्येक नगामागे गुंडाळायला पिशवी किंवा वेष्टन देणे बंधनकारक केले. पुण्यात त्याच्या जोडीला 'रेड डॉट'ची मोहीम आली: पॅड कागदात गुंडाळा आणि वर ठळक लाल ठिपका काढा. ठिपका दिसला की पुडके न उघडता बाजूला ठेवता येते. याला खर्च एका स्केचपेनचा. आजही कितीतरी घरांतून हा ठिपका निघत नाही.

शाळा-महाविद्यालयांत पॅड जाळायची छोटी यंत्रे बसली. पण प्लास्टिक पुरते जळायला भट्टी ८०० अंशांच्या वर तापावी लागते. कमी तापमानाच्या यंत्रातून कचऱ्याऐवजी विषारी धूर मिळतो. पुण्यातल्याच 'पॅडकेअर लॅब्स' या उद्योगाने वापरलेल्या पॅडमधून लगदा आणि प्लास्टिक वेगळे काढण्याची प्रक्रिया उभी केली आहे. पॅड वेगळे आले, तरच अशी प्रक्रिया चालते.

कचऱ्याच्या हिशेबात सर्वांत मोठी उडी मासिक पाळीच्या कपाने मारता येते. वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनचा एक कप नीट सांभाळला तर दहा वर्षांपर्यंत चालतो. कपाचे पेटंट १९३७ चे, अमेरिकेतल्या लिओना चाल्मर्स यांचे. 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'ने २०१९ मध्ये ४३ अभ्यासांचा आढावा छापला. गळतीच्या बाबतीत कप पॅड-टॅम्पॉनच्या बरोबरीचा किंवा सरस ठरला, आणि वापर शिकलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रियांना तो पुढेही वापरायचा होता. सरावायला दोन-तीन पाळ्या जातात आणि सोबत माहीतगार कोणी असेल तर सोपे जाते, हेही त्यातून दिसते. कोचीजवळच्या कुंबलंगी पंचायतीने नेमके हेच केले. तिथे कप वाटले, पण आधी प्रशिक्षण दिले, आणि जानेवारी २०२२ मध्ये गाव सॅनिटरी नॅपकिनमुक्त जाहीर झाले.

महाराष्ट्रात हा सल्ला सगळ्यांना सारखा लागू होत नाही. कप दर पाळीला उकळावा लागतो, रोज धुवावा लागतो. कापडी पॅडला पाणी लागते आणि ऊनही. ते उघड्या दोरीवर वाळत घालता येईल, एवढी मोकळीक किती घरांत आहे? ऊसतोडीच्या फडावर कोपीत राहणाऱ्या बाईला न्हाणीघरच नसते. तिला पाणी आणि आडोसा मिळण्याआधी कपाचा उपदेश करणे हा उद्धटपणा होईल. ज्यांच्या घरात चोवीस तास पाणी आहे आणि दाराला आतून कडी आहे, त्यांनी आधी बदलावे.

ज्याचा कचरा दिसत नाही

एका बाबतीत मराठी न्हाणीघर जगाच्या पुढे होते आणि आहे. पाश्चात्त्य देशांतले शून्य-कचरावाले सध्या शौचालयात पाण्याचा फवारा बसवण्याचा प्रचार करतात. २०२० च्या साथीत टॉयलेट पेपरची टंचाई झाली, तेव्हा अमेरिकेत असे फवारे हातोहात खपले. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत पाण्याचा मग आधीपासूनच होता. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात २०१७ साली वाइप्स आणि चरबीचा सुमारे २५० मीटर लांब, १३० टन वजनाचा गोळा सापडला. आता आपल्याकडेही 'फ्लश करता येणारे' वाइप्स विकतात. ते न घेणे ही या लेखातली सर्वांत सोपी सूचना.

दुसरी गोष्ट डोळ्यांआड राहते, ती उष्णतेची. वीस लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला ४०० किलोकॅलरी, म्हणजे जवळपास अर्धा युनिट वीज लागते. चौघांचे घर आणि वर्षातले आठ महिने धरले तर सुमारे साडेचारशे युनिट. कोराडी किंवा चंद्रपूरला कोळसा जळतो तेव्हा ही वीज होते. देशातल्या विजेची सरासरी, युनिटमागे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, धरली तर तीनशे किलोंहून अधिक. हे झाले बादलीने अंघोळ करणाऱ्यांचे. साध्या शॉवरमधून मिनिटाला दहा लिटर पडतात. आठ मिनिटे उभे राहिले की चार बादल्या. बांबूच्या ब्रशने दात घासून मग पंधरा मिनिटे गरम शॉवरखाली रमणाऱ्याने हा हिशेब एकदा करावा. गच्चीवरचा सौर बंब किंवा दहा अंश कमी तापवलेले पाणी यांनी जे साधते, ते ब्रशांनी साधत नाही.

बाजार मात्र ब्रशच दाखवत राहील, कारण कमी तापवलेले पाणी विकता येत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हिरव्या दाव्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे आणली: 'निसर्गस्नेही', 'विघटनशील' म्हणायचे तर पुरावा द्यावा लागेल. विघटनशील म्हणजे कुठे आणि किती दिवसांत, हा प्रश्न ग्राहकाने विचारायला हरकत नाही. अनेक 'कंपोस्टेबल' प्लास्टिके कारखान्याच्या तापमानातच कुजतात, बाल्कनीतल्या कुंडीत नाहीत.

बदल करायचाच असेल तर घरात आहे ते आधी संपवावे. चांगला प्लास्टिकचा मग फेकून तांब्याचा आणण्यात मगही वाया जातो आणि तांबेही. मग न्हाणीघरात एक पिशवी टांगावी आणि पॅड-डायपर सोडून महिनाभराचा सारा कोरडा कचरा तीत साठवावा. दारात येणाऱ्या ताईंना ती उघडून दाखवावी आणि विचारावे: ताई, यातले काय विकले जाते? त्या मिनिटभरात दोन ढीग करतील. जो ढीग त्या आपल्याकडे सरकवतील, त्यातली एकेक वस्तू घरात येणे बंद करत जायचे. ज्या बंद होऊच शकत नाहीत, त्यांच्यासाठी कंपनीला, महापालिकेला आणि दरवर्षी पाकिटावर हात जोडणाऱ्यांना जाब विचारायचा. मतदार म्हणून ते आपल्याला ओळखतात. ग्राहक म्हणून आणि कचऱ्याचे मालक म्हणून ओळख करून देणे अजून बाकी आहे.